पेकिंगमधला न फुटलेला नारळ

कुवेतमधली तमाम मराठी मंडळी, सिस्टर, डॉक्टर, एक्स-रेवाले, आणि सालमियापासून सुलैबियापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या दंडात तिने सुई टोचली ते सर्व, यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नलिनी परब ही बाई गेल्या गुरुवारी दुपारी, माझ्याशी चालू असलेला वाद अर्धवट टाकून, कुठलीही पूर्वसूचना न देता, हे जग सोडून निघून गेली आहे. या कृत्याचा मी जाहीर निषेध करते.

होय नले, निषेधच. श्रद्धांजली तुला इतरांनी परवाच्या सभेत भरपूर वाहिली. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नलिनीताई शांत, मनमिळाऊ आणि मितभाषी होत्या." मितभाषी! मी खुर्चीवरून अर्धी उठले. बाजूच्या वहिनींनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. त्यांना वाटलं मला हुंदका आलाय. हुंदका कसला, मला हरकत घ्यायची होती. जिचा आवाज पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डात ऐकू यायचा, जिला घाबरून मिसरी, म्हणजे इजिप्तची, मेट्रनसुद्धा दुसऱ्या जिन्याने जायची, ती मितभाषी? मेलं की माणसाचा स्वभावही बदलून टाकायचा का? मला तू जशी होतीस तशीच परत हवी आहेस. भांडकुदळ, हट्टी, चहात साखर जास्त घालणारी.

आणि वेळ कुठली निवडलीस? गुरुवार दुपार! कचेऱ्या अर्ध्या दिवसाने बंद, शुक्रवारी सगळी सुट्टी, म्हणजे शनिवारपर्यंत एक कागद हलणार नाही. सतरा वर्षं या देशात काढलेल्या बाईला एवढं कळू नये? सकाळची ड्यूटी करून आलीस, चपला भिरकावल्यास, पलंगावर आडवी झालीस. वाद नेहमीचाच चालू होता. मी म्हटलं, "नवस फिटलेला नाही." तू म्हणालीस, "चहा कर. मग सांगते तू कुठे चुकतेस." मी चहा घेऊन आले. आता मी नेमकी कुठे चुकत होते, हे मला कोण सांगणार?

तुझ्याबरोबर गावी यायचं म्हणून मी रजा मागितली. आमच्या मुदीरनी, म्हणजे साहेबांनी, विचारलं, "मयत तुमची कोण?" म्हटलं, "मैत्रीण." ते म्हणाले, "मैत्रीण हे नातं नियमात नाही." आई, बाप, नवरा, मूल, भाऊ, बहीण. झालं, संपलं. एका खोलीत एवढी वर्षं दोन पलंग लावून राहिलो, एकमेकींचे ताप मोजले. माझे वडील गेले तेव्हा तू टेलिफोन कचेरीच्या रांगेत उभी राहून मला गावचा फोन लावून दिलास आणि मला बोलवेना तेव्हा माझ्या वतीने तूच बोललीस. ते कुठल्या नियमात बसतं? विमानाच्या मालाच्या दारापर्यंत मी आले. तिथून पुढे तुला एकटीला जावं लागलं. मुंबईला तुझा भाऊ आला होता म्हणे. राग मुदीरवर आहे, नियमावर आहे आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर आहे. का ते शेवटी सांगते. आधी खटला नीट मांडू दे.

अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. धुळीच्या वादळाने नर्सिस क्वार्टरची बस आलीच नाही, म्हणून तू सलग दुसरी ड्यूटी केलीस आणि पहाटे ड्यूटी रूममधल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवरून उजवा हात लोंबकळत टाकून झोपलीस. उठलीस तर मनगटापासून पुढचा हात मेलेला. ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. सिरिंज सोड, तुला कंगवा धरता येईना. वेणी मी घालायचे आणि तू आरशात बघून म्हणायचीस, "एक वेणी सोलापूरला चालली आणि एक साताऱ्याला."

हसत होतीस, पण आतून तुझी पाचावर धारण बसली होती. मेट्रनने बजावलं होतं: मेडिकल बोर्डासमोर हात चालला नाही तर करार संपला, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, परतीचं तिकीट हातात. हात नाही तर कुवेत नाही. आणि कुवेत नाही तर धाकट्या दोन भावांचं शिक्षण नाही. एका हाताची नर्स गावी परत जाऊन करणार काय? तू माझ्यासमोर कधी रडली नाहीस. पण बाथरूमचा नळ फार वेळ चालू राहायचा, आणि कुवेतमध्ये पाणी असं कोणी वाया घालवत नाही.

तेव्हा आपल्या हॉस्पिटलात सुया टोचून उपचार करणाऱ्या चिनी डॉक्टरांची तुकडी आली होती. त्यातल्या डॉक्टर लिनबाई. कापलेले केस, कापडी बूट, इंग्रजी चार शब्द. अरबी मात्र फाडफाड, पण सगळी पेशंटांच्या आयांकडून शिकलेली. त्यामुळे ही कडक शिस्तीची बाई मेट्रनलाही "हबीबती", म्हणजे माझे लाडके, म्हणायची. आपली अरबी लाँड्रीवाल्याकडून शिकलेली. अशा त्या दोन अरब्यांत तुझा इलाज सुरू झाला. तुझ्या हातात ओळीने सुया आणि मी शेजारी स्टुलावर.

एके दिवशी मी विचारलं, "डॉक्टर, तुमचा देव कोणता?"

"देव? माकू," त्या म्हणाल्या. कुवेती अरबीत माकू म्हणजे नाही. साखर माकू, बस माकू, देव माकू.

"असा कसा माकू? तुमच्या आजीचा तरी असेल."

त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. आजी पेकिंगमधल्या एका जुन्या देवळात जायची म्हणाल्या. ताओ पंथाचं देऊळ, शेकडो वर्षांचं. आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा देव. आता बंद आहे. "खलास," म्हणाल्या आणि एक सुई जरा जोरात फिरवली. तू किंचाळलीस.

त्याच क्षणी मी मनात नवस बोलले. तुझा आक्षेप मला पाठ आहे: घरचे इतके देव सोडून त्या अनोळखी चिनी म्हाताऱ्याला का? अगं, सुया चीनच्या, विद्या चीनची. आपल्या देवांनी दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ का करावी? ज्याचं खातं त्याच्याकडे अर्ज केला. "नलूचा हात बरा कर. ती स्वतः तुझ्या दारी येईल आणि त्याच हाताने नारळ फोडेल." शुद्ध मराठीत बोलले. देवाला कळतं.

दोन महिन्यांनी तुझं मनगट वर उचललं गेलं. बोर्डासमोर तू सिरिंज भरून दाखवलीस आणि त्या मिसरी डॉक्टरला विचारलंस, "तुम्हालाच टोचून दाखवू का?" नोकरी राहिली. घरी येऊन तू स्वतःची वेणी स्वतः घातलीस. मी आनंदाने पेढ्यांसाठी खवा परतत होते आणि त्याच भरात बोलून गेले, "आता नवस फेडायचा."

"कोणी?"

"तू."

"कुठे?"

"पेकिंगला."

तुझी वेणी अर्धी राहिली. संतापलीस की तू थेट मालवणीत शिरायचीस. "माका न इचारता माझ्या पायांचो नवस बोलाक तुका सांगल्यान कोणी? हात माझो, पाय माझे, आनी नवस हिचो!"

तिथून वाद सुरू झाला. मी म्हणायचे, नवसाने हात आला. लिनबाई म्हणायच्या, सुयांनी आला. तू म्हणायचीस, दोघी मूर्ख आहात, दाबली गेलेली नस आपोआप सुटते, नर्सिंगच्या पुस्तकात दिलंय. देव मानत नव्हतीसच तू. मी दिवा लावला की त्यावर उदबत्तीऐवजी सिगरेट पेटवायची धमकी द्यायचीस. आणि वर तुझा मुख्य मुद्दा हा, की दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल देवाशी परस्पर बोलणी करायचा कोणाला अधिकार नाही. "माझ्या वतीने बोलायचं तर आधी मला विचार." हे वाक्य तू किती वेळा ऐकवलंस! नीट लक्षात ठेव हे वाक्य, नले. मी ठेवलंय.

लिनबाई करार संपवून परत गेल्या. नववर्षाला त्यांचं कार्ड यायचं. एका कार्डात लिहिलं होतं, आजीचं देऊळ पुन्हा उघडलं आहे, या. मी फक्त तुझ्या हातून कप निसटला की कार्डाकडे बघायचे. शेवटी पंच्याऐंशी साली तूच म्हणालीस, "चल बाई, तुझा तो म्हातारा एकदाचा बघू." आणि खालच्या मलबारी बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात जाऊन, तीन नारळ कानाशी हलवून, तूच एक निवडलास. दुकानदार म्हणाला, "सिस्टर, खोबरेल काढायचंय का?" तू म्हणालीस, "नाही, चीनला न्यायचाय."

पेकिंगच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तो नारळ बॅगेतून काढला, वळवला, शेंडी धरून उचलला. साहेबाला बोलावलं. साहेबाने दुसऱ्या साहेबाला. तिघांनी आळीपाळीने कानाशी लावून हलवला. तू मला कोपराने ढोसलंस. "बघ, यांनाही नारळ निवडता येतो."

लिनबाई देवळाच्या वेशीपाशी उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, बूट तेच कापडी. तुला बघताच आधी तुझं मनगट धरून वर-खाली करून पाहिलं, मग मिठी मारली. "हबीबती, शलोनिक?" आजूबाजूचे निळ्या कोटातले चिनी लोक थबकले. एक चिनी बाई आणि साडीवर पुरुषी ओव्हरकोट घातलेल्या दोन बायका, उत्तर चीनमधल्या त्या थंडीत, कुवेतच्या आयाबायांच्या अरबीत एकमेकींची खुशाली विचारत होत्या.

वेशीच्या दगडी कमानीवर एवढंसं माकड कोरलेलं होतं. येणारा-जाणारा ते चोळत होता, चोळून चोळून काळं तुकतुकीत झालं होतं. मी "मारुती!" म्हणून त्याला शेंदूर शोधायला पर्स उघडली. तू पर्स मिटवलीस. आत एकामागे एक चौक, जुनी काळसर झाडं, खाली पिवळ्या पानांचा सडा. केसांचा डोक्यावर अंबाडा बांधून त्यात लाकडी काडी खोचलेले, निळ्या झग्यांतले पुजारी. इतकी वर्षं कुलूप लागलेल्या जागेत लोक कसे चालतात ते मी तिथे पाहिलं. म्हाताऱ्या बाया इकडेतिकडे बघून पटकन हात जोडत होत्या, जणू कोणी रागावेल. लिनबाई तर भिंतीला लागून चालत होत्या.

मी सवयीने दाराशी बूट काढले. दगड बर्फासारखा. एक म्हातारा पुजारी धावत आला आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून काकुळतीने बोलू लागला. लिनबाई म्हणाल्या, "म्हणतोय, या बाईचे बूट कोणी चोरले का?" तुला एवढं हसू आलं की तू खांबाला टेकलीस.

गाभाऱ्यात तो होता. पांढरी लांब दाढी, हातात पंखा. "एवढ्या थंडीत पंखा!" तू म्हणालीस. "याला कुवेतला न्या. एसी बंद पडला की कामाला येईल." मी तुझ्या हातात नारळ दिला. उजव्या. तू हात उंच केलास, पायरीच्या कडेवर नेम धरलास. आणि तोच म्हातारा पुजारी ओरडत आडवा आला. शेकडो वर्षांच्या पायरीवर कोणी बाई दगडासारखं काहीतरी हाणतेय, त्याने दुसरं काय करायचं? लिनबाईंनी घाईघाईने समजावलं की हे फळ आहे, भारतातलं, देवासाठी आणलंय. त्याचा चेहरा पालटला. त्याने दोन्ही हातांनी नारळ घेतला, बाहीने पुसला, आत नेला आणि सफरचंदांच्या रांगेत, बरोबर मधोमध, शेंडी वर करून ठेवला. अख्खा.

"झालं," तू म्हणालीस. "फिटला."

"काय फिटला? फुटला कुठे?"

"स्वीकारला ना त्याने?"

"फोडायचा बोलले होते मी!"

"बोललीस कोण? तू! मग आता फोड तुझ्या डोक्यावर!"

त्या देवासमोर आपण भांडलो, नले. कुवेतहून एवढ्या लांब जाऊन. माझे डोळे भरले होते, थंडीने नव्हे. मला खरोखर भीती वाटत होती, की अर्धा फेडलेला नवस तुझ्या हातावर उलटेल. ते तू पाहिलंस. आणि म्हणालीस, "रडू नको. आमच्याकडे नारळ नुसता ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. माझे काका घालायचे. मी गाऱ्हाणं घालते, मग तरी गप्प बसशील? प्रत्येक वाक्याला तू 'होय म्हाराजा' म्हणायचं. मोठ्याने."

हे तू माझ्यासाठी केलंस, देव न मानता केलंस, आणि याबद्दल मी तुझी आजन्म ऋणी आहे. हे एकदा लिहून ठेवते, कारण पुढे पुन्हा रागच आहे.

परत आल्यावर सगळ्या कुवेतला तू सांगत सुटलीस की शकूने चिनी देवळात बूट काढले, मारुतीला शेंदूर लावायला निघाली. दर बैठकीत नवीन भर. फहाहीलच्या एका डोहाळेजेवणात तर मी चक्क अनवाणी बर्फात नाचत होते. मी सहन केलं. उलट मीच शेवटी नक्कल करून दाखवायला लागले, कारण तुला पुजाऱ्याचा आवाज जमत नव्हता. आणि खोलीवर आलो की तोच वाद. फिटला. नाही फिटला. मी म्हणायचे, गावी जाऊन एक नारळ तरी फोड. तू म्हणायचीस, गाऱ्हाणं घातलंय, पावती झाली. पण त्या गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य तू कुणाला सांगितलं नाहीस. मीही नाही. आपण दोघी त्याच्या कडेकडेने अशा चालायचो, जणू खोलीत कोणी झोपलंय.

आता सांगते. खटला इथेच आहे.

तू पदर कमरेला खोचलास, हात जोडलेस आणि वॉर्डातला आवाज लावलास. "बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हटलं.

अंबाडेवाले पुजारी गोळा झाले. लिनबाई भिंतीशी "शू! हबीबती, मुशकिला!" करत राहिल्या.

"आज तुझी दोन लेकरां कुवेतसून तुझ्या दारात इली हत!"

"होय म्हाराजा!"

"ह्या शकून माका न इचारता माझ्या हाताचो नवस केल्यान, तो गोड मानून घे!"

"होय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात, तर ता हिच्या नावार घाल!"

"होय म्हाराजा!" म्हणून गेले आणि मग अर्थ कळला. तू डोळे मिचकावलेस. म्हातारा पुजारी खुदकन हसला, त्याला काय समजलं देव जाणे. मलाही हसू फुटलं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी, तोंडात होकार तयार. तुझा आवाज एकदम उतरला. ज्या हाताचा एवढा खटाटोप, त्या हाताने तू माझा ओव्हरकोट घट्ट धरलास. न विचारता. मला एका शब्दाने न विचारता, नले! माझ्या आयुष्याबद्दल देवाशी परस्पर बोलणी! नारळ नाही, नवस नाही, काही फेडायचं कबूल केलं नाहीस, आणि त्या पंखेवाल्याने तुझंच तेवढं ऐकलं. "आनी एक आयक म्हाराजा. हिका माझ्या आदी नेव नको. माझ्याशी भांडाक दुसरा कोण आसा?"

आणि मी, हसण्याच्या त्याच ओघात, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणून गेले, "होय म्हाराजा!"